एकशे बारा कॉम्प्युटर आणि एक लिफ्ट

"मोठी कंपनी येऊ दे, नाहीतर तिची आजी येऊ दे! माझ्या विभागाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

एवढं बोलून बटणरावांनी कप असा आपटला, की अर्धा चहा बशीत आणि उरलेला टेबलावर!

"विभागाचं नंतर बघा, आधी फडकं घ्या," बायको म्हणाली.

बटणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागाचे प्रमुख होते. मशीन बिघडलं अशी तक्रार घेऊन कुणीही आलं, की त्यांचा सल्ला ठरलेला: "बटण बंद करा, दहा मोजा, परत चालू करा!" त्यामुळे सगळी कंपनी त्यांना बटणराव म्हणायची. पहारेकऱ्यापासून थोरल्या साहेबांपर्यंत सगळे. आणि त्यांनाही ती पदवी वाटायची.

कंपनीचे दिवस मात्र फिरले होते. एके काळी तिचा कॉम्प्युटर नाही असं ऑफिस नव्हतं. मशीन कसलं, नुसता रणगाडा! टेबलावरून पडला तर कॉम्प्युटरला काही व्हायचं नाही, फरशी बदलावी लागायची. पण लोकांना हवे होते पातळ, घडी घालून काखेत मारायचे कॉम्प्युटर, आणि ते बनवायची समोरची मोठी कंपनी. आता तीच मोठी कंपनी यांची कंपनी अख्खी विकत घ्यायला निघाली होती. खुर्च्या, टेबलं, माणसं, सगळं एकगठ्ठा! सहा महिने बोलणी चालली होती. गुरुवारी अकरा वाजता मोठ्या कंपनीच्या प्रमुख मॅडम स्वतः पाहणीला येणार होत्या, आणि ज्या विभागात माणसं रिकामी दिसतील त्याला त्या कुलूप लावणार, अशी कुजबुज जिन्याजिन्यात चालू होती.

आणि तपासणी विभागाइतकी रिकामी माणसं जगात कुठे नव्हती! मशीनच तयार होत नव्हती, तर तपासायचं काय? बटणराव धरून नऊ जण तीन महिने वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. पण त्या नऊ जणांत कुणाची मुलगी कॉलेजात होती, कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले. ते आठवलं की बटणरावांना कोड्यातला शब्द सुचेनासा व्हायचा.

"मग मॅडमना सरळ सांगा की, काम नाही पण माणसं कामाची आहेत," बायको म्हणाली.

"सरळ सांगायला त्या काय डॉक्टर आहेत? अगं, गोदामात न विकलेले एकशे बारा कॉम्प्युटर पडलेत. सगळे वर आणायचे, लावायचे आणि मॅडम मजल्यावर आल्या की एकदम चालू! घूंऽऽ! विभाग कसा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसेल!"

"अहो, पण एवढी वीज..."

"वीज कंपनीची आहे, आपल्या घरची नाही!"

यावर बायकोने फक्त कपाळाला हात लावला.

बुधवारी दिवसभर नऊ जणांनी एकशे बारा खोके तिसऱ्या मजल्यावर चढवले. पाठी मोडल्या, पण टेबलं भरली. प्लग लावायला जागा पुरेनात, म्हणून एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, अशी आगगाडी जोडली. तिचं इंजिन म्हणजे भिंतीवरचा एकच जुना स्विच.

"सर, या एका स्विचवर एवढा भार?" चष्मेवाली म्हणाली. ही विभागातली सगळ्यांत हुशार तपासनीस. बटणराव तिचं सगळं ऐकायचे, फक्त मानायचे नाहीत.

"मला स्विच शिकवतेस? मला?"

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी फाटकावरून पहारेकऱ्याचा फोन आला, "मॅडम आल्या! साहेब त्यांना घेऊन लिफ्टकडे निघाले!"

बटणरावांनी मनात वीस मोजले, छाती फुगवली आणि स्विच दाबला.

काय सांगावं तो थाट! एकशे बारा पंखे एकदम घोंघावले. एकशे बारा पडदे निळे झाले. टेबलांवरचे कागद उडाले. बटणरावांचे केसही उडाले. विमान सुटायच्या बेतात असावं तसा मजला थरथरायला लागला! चार सेकंद. पाचव्या सेकंदाला तळमजल्यावर "फाट्!" असा आवाज झाला आणि सगळी इमारत ठप्प. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, सगळं बंद.

त्या शांततेत कुठूनतरी घंटा वाजायला लागली. लिफ्टची घंटा!

बटणराव धावत जिन्याकडे गेले. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. तेवढ्यात पहारेकरी धापा टाकत वर आला.

"बाई कुठे आहेत? बाई?" बटणरावांनी त्याचे खांदेच धरले.

"बाई? बाई जिन्याने वर गेल्या की! आत्ताच पाहिलं मी, चहाचा थर्मास घेऊन."

आता त्या कंपनीत गेली वीस वर्षं 'बाई' म्हणजे एकच: थोरल्या साहेबांच्या सेक्रेटरी. पहारेकऱ्याने पाहिलं होतं ते त्यांनाच. पाहुण्या त्याच्या लेखी 'मॅडम'. पण बटणरावांना वाटलं, पाहुण्या वाचल्या! मग लिफ्टमध्ये कोण? थोरले साहेब आणि सावलीसारख्या त्यांच्यामागे असणाऱ्या सेक्रेटरीबाई. घरचीच माणसं!

"लिफ्टवाल्याला फोन कर, पळ!" असं पहारेकऱ्याला सांगून त्यांनी दाराला तोंड लावलं. "साहेब, घाबरू नका! मी आहे, बटणराव!"

"वीज कशाने गेली हो?" आतून बाईचा आवाज आला. त्या लोखंडी दारातून सगळेच आवाज हंड्यातून आल्यासारखे यायचे. सेक्रेटरीबाईंनाच सर्दी झालीय, असं बटणरावांनी ठरवून टाकलं.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्यामुळेच गेली! पण त्या मोठ्या कंपनीच्या मॅडमना कळू द्यायचं नाही हं! एकशे बारा खोके एकदम चालू केले. काम चाललंय असं दाखवायला!"

"म्हणजे एरवी चालत नाही?"

"काम आहे कुठे, बाई? तीन महिने शब्दकोडी सोडवतोय! विचारा साहेबांना! रोज तीन वाजता खाली येतात. परवाचा आडवा सातवा शब्द त्यांनीच सांगितला!"

आत साहेबांना खोकल्याची अशी उबळ आली, की लिफ्ट हलली.

"बटणराव, गप्प..." असं काहीसं ऐकू आलं आणि पाठोपाठ बाईचा आवाज, "बोलू द्या हो त्यांना, चांगलं बोलतात."

"साहेब, कोंडल्यामुळे खोकला वाढलाय, बोलू नका तुम्ही!" बटणराव कळवळून म्हणाले.

"आणि मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरबद्दल काय मत आहे तुमचं?" बाईंनी आतून विचारलं.

झालं! बटणरावांनी चक्क जिन्यावर बैठक मारली.

"कॉम्प्युटर? पोस्टकार्ड आहे ते! मांडीवर घ्यावं तर मांडी भाजते. आणि बिजागरी! डावी बिजागरी वर्षाच्या आत मोडते म्हणजे मोडतेच! आमच्या नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची मिळून सतरा मशीन आमच्या घरी दुरुस्त झालीत. सतराही डावीच!"

आतला खोकलासुद्धा थांबला.

"डावीच का?" या वेळी बाईंचा आवाज निराळा होता, हळू आणि नेमका.

"पडद्याची वायर तिथून जाते ना! तिच्यासाठी जागा सोडायची म्हणून स्क्रू आखूड घातलाय. उघडझाक करून तो सैल होतो. थोडा लांब स्क्रू घालायचा आणि खाली रबराचा तुकडा द्यायचा. सतरापैकी एकही परत आलं नाही!"

"हे शोधलं कुणी?"

"मीच! दुसरं कोण?" बटणरावांनी छातीवर हात मारला. बंद दारातून ते कुणाला दिसलं नाही, तरी मारला.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. जिन्यावरून एक बाई थर्मास सांभाळत उतरत होत्या.

"बटणराव, चहा थंड होतोय. साहेब आणि मॅडम किती वेळ लिफ्टमध्ये?"

बटणरावांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. मग लिफ्टकडे. मग परत सेक्रेटरीबाईंकडे.

"बाई... तुम्ही इथे... मग आत कोण?"

"मीच," लिफ्टमधून आवाज आला. "पोस्टकार्डवाली!"

बटणरावांच्या डोळ्यांपुढे आपल्या आठ जणांची तोंडं एकापाठोपाठ एक उभी राहिली. पळून जावं, तर पाय जिन्याला चिकटलेले! सव्वा तासाने लिफ्टवाला आला आणि त्याने दार उघडलं, तेव्हा ते अजून त्याच पायरीवर होते. लिफ्टचा तळ बाहेरच्या फरशीपेक्षा बराच खाली होता. चष्मेवालीने आत स्टूल सोडलं. आधी मॅडम वर आल्या. मागून थोरले साहेब आले, सोललेल्या दुधी भोपळ्यासारखा पांढरा चेहरा घेऊन.

"मॅडम," बटणराव हात जोडून पुटपुटले, "चूक सगळी माझी. मला काढा, पण माझी माणसं ठेवा. ही चष्मेवाली तर स्विच दाबू नका म्हणत होती!"

मॅडमनी अंगावरची धूळ झटकली. "त्या बिजागरीपायी गेल्या वर्षी हजारो मशीन परत आली आमच्याकडे. चाळीस इंजिनिअर डोकी फोडतायत. आणि तुम्ही जिन्यावर बसून सांगितलंत! कंपनी तर आम्ही घेतोच आहोत. तुमचा विभागही राहील, नऊच्या नऊ माणसांसकट. काम बिजागरीचं. उद्या सकाळी दहाला आमच्याकडे या आणि त्या चाळीस जणांना सगळं समजावून सांगा. स्क्रू किती लांब, रबर कुठलं, सगळं!"

तिसऱ्या मजल्यावर जो जल्लोष झाला, तो एकशे बारा पंख्यांपेक्षा मोठा होता! थोरल्या साहेबांनीही टाळ्या वाजवल्या, जरा जपूनच.

बटणराव तरंगतच घरी गेले. बायकोला सगळी कहाणी ऐकवली. तिचेही डोळे भरून आले.

"नऊही जणांच्या नोकऱ्या राहिल्या? खरंच?"

"मग! शेवटी डोकं लागतं!" बटणराव ऐटीत म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अगं, ते... रबर कुठलं होतं?"

"कुठलं म्हणजे? कुकरची जुनी रिंग."

"आणि स्क्रू?"

"माझ्या शिलाई मशीनच्या डब्यातला. सतराही मशीन मी उघडली, तुम्ही नुसती टॉर्च धरलीत. तीही माझ्याच डोळ्यांत मारत होतात!"

बायकोने शिलाई मशीनचा डबा काढला, त्यातले स्क्रू निवडून कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडी पर्समध्ये टाकली.

"दहाला ना? नऊला निघू," ती म्हणाली. "तुम्हीही चला. टॉर्च धरायला कुणीतरी लागेलच!"