सोबत येणारी व्यक्ती

गायकवाड सरांना एखादा माणूस नकोसा झाला की ते त्याला टाळत नाहीत, चष्मा काढतात. चौलच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवतात, मी मराठी. त्यांचा नंबर उणे आठ. चष्मा खिशात गेला की समोरच्याचं नाक, मिशी, हुद्दा सगळं विरघळतं आणि नुसता रंग उरतो. सभेत मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले की सरांचा हात कानाकडे गेलाच म्हणून समजा. "आता नुसता तपकिरी डाग बोलतोय," ते एकदा माझ्या कानात म्हणाले. "डागाचा राग येत नाही हो." माझी नजर चांगली असल्यामुळे मला मुख्याध्यापक अख्खे बघावे लागतात.

असे हे सर गेली नऊ वर्षं एकच गोष्ट ठरवत होते: डोळ्यांचं लेसर ऑपरेशन करावं की करू नये. त्यासाठी वहीत दोन रकाने आखले होते. 'करावं'खाली भरपूर मजकूर. खाऱ्या वाऱ्याने काचांवर बसणारा थर, हेल्मेट घालताना वाकणारी दांडी, पावसाचे चार महिने. 'करू नये'खाली एकच ओळ: घाई कशाला? हे त्यांचं पेटंट वाक्य. "घाई कशाला? डोळे कुठे पळून जातायत?" सल्ला मात्र दिसेल त्याला विचारायचे. आमचा शिपाई नामा तर हात जोडून म्हणाला, "सर, डोला हाय तो, सोलायला नारल न्हाय!" सरांनी तेही नावासकट वहीत उतरवून घेतलं.

शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्याच्या दुखण्याशिवाय चहाला चव येत नाही. सरांच्या डोळ्यांवर आम्ही वर्षानुवर्षं चहा प्यायलो, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्यात हरिहरेश्वरची सहल झाली. लाटेत पाय भिजवायला जाताना सरांनी चष्मा माझ्याकडे सांभाळायला दिला. मी तो खिशात टाकला आणि विसरून चहाला निघून गेलो. अर्ध्या तासाने शोधायला आलो तर सर देवदर्शनाला आलेल्या कुठल्याशा परक्या कुटुंबात मांडी घालून बसलेले. दोन घावनं संपली होती, तिसरं पानात होतं आणि त्या घरातल्या मुलीला ते अपूर्णांक समजावत होते. हा किस्सा आम्ही दोन वर्षं पुरवला.

"आता तरी लेसर करा," मी म्हणालो.

"पहिल्या घासालाच कळलं होतं हो, ही आपली माणसं नव्हेत," सर म्हणाले. "पण त्या बाई म्हणाल्या, 'दादा, अजून एक घ्या.' मग उठवेना."

आम्ही यावरही हसलो. सरांचं लग्न झालेलं नाही. त्यांची आई आदल्याच वर्षी गेली होती आणि तिच्या मयताला मी स्वतः हजर होतो. तरी या माणसाला घरी 'अजून एक घ्या' म्हणणारं आता कुणी नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सर एकटेच बोटीने मुंबईला जाऊन तपासण्या करून आले. डोळे ऑपरेशनला योग्य निघाले. बुधवारची तारीख मिळाली. शाळा उघडल्यावर चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "बुधवारी तुमचं काय?"

"का? रजा टाकून तुमचे नवे डोळे बघायला येऊ?" मी म्हणालो. खोली हसली. सरही हसले.

बुधवारी सर शाळेत हजर. चष्म्यासकट, हातात खडू. "घाई कशाला?" ते म्हणाले.

"घाबरलात!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला माझ्या वर्गाच्या गणिताच्या चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा दिला. त्यात दवाखान्याचा एक फॉर्म चुकून आला होता. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सोबत येणारी व्यक्ती असल्याशिवाय ऑपरेशन केले जाणार नाही.' त्याखाली पेन्सिलीने माझं नाव लिहिलेलं. पुढे नातं: मित्र. दोन्ही खोडरबराने खोडलं होतं, पण सर दाबून लिहितात. सगळं वाचता येत होतं.

मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. तसाच उठून मी त्यांच्या वर्गात गेलो. मुलं गेली होती, सर फळा पुसत होते.

"सर, दुसरी तारीख घ्या," मी म्हणालो. "मी येतो. सोबत मी येतो."

सरांनी माझ्या हातातला फॉर्म पाहिला. मग मला पाहिलं, जाड काचांतून, बराच वेळ. मग त्यांचा हात कानाकडे गेला. चष्म्याची घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला.

"बोला," ते अगदी अदबीने म्हणाले. "ऐकतोय मी."

त्या दिवशी मी निळा शर्ट घातला होता.