बोला, नाहीतर काढून टाकतो

धर्मेंद्र ठवकरने एका ओळीचा मेल पाठवला, एवढंच झालं होतं. ओळही साधी होती: 'हे कार्ड मी वापरतो, रोज वापरतो.' यातलं 'हे कार्ड' तेवढं खरं होतं.

आता हे प्रकरण समजायचं तर थोडं संगणकाच्या पोटात शिरावं लागेल. (घाबरू नका, धर्मेंद्रही फार आतपर्यंत कधी गेलेला नाही.) आपण संगणक सुरू करतो तेव्हा पडद्यावर दिसतं ते सगळं वरवरचं. आत एक कारभारी बसलेला असतो. बटण दाबलं की काय करायचं, पंखा कधी फिरवायचा, आवाज कुठून काढायचा, हे सगळं तो बघतो. त्याला कर्नल म्हणतात. धर्मेंद्रच्या लाडक्या कर्नलची गंमत अशी की तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली हजारो माणसं त्याची डागडुजी करत असतात, आणि तीही मेलवर, सगळ्यांच्या देखत. एकजण दुरुस्ती पाठवतो, दुसरा तिच्यात चुका काढतो, तिसरा आपल्या मशीनवर तपासून पाहतो. दुरुस्ती पसंत पडली की ती आत जाते आणि तिच्याखाली नावं लागतात: लिहिणारा अमुक, तपासणारा तमुक. एकदा लागलेलं नाव मग कोणी पुसत नाही आणि राहिलेलं नाव कोणी मागून जोडत नाही.

धर्मेंद्रला तिथे आपलं नाव हवं होतं. त्याला दुसरं काही नको होतं. कळमेश्वरच्या एका कंपनीत तो संगणक विभागात होता, म्हणजे कोणाचा प्रिंटर अडला की त्याला बोलावणं यायचं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसायचा. गोरेवाड्याची झाडी मागे जाऊ लागली की त्याचे डोळे अर्धवट मिटायचे आणि त्याला दिसायचं, कुठे तरी बर्फाच्या देशात एक बाई लॅपटॉप उघडते आहे, कुठे तरी समुद्रावर एका बोटीतलं यंत्र जागं होतं आहे, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात, अगदी तळाशी, 'धर्मेंद्र ठवकर, नागपूर' एवढी अक्षरं शांतपणे झोपलेली आहेत. त्या बाईला ते माहीत नाही. तरी तिचं काम त्यांच्यामुळे होतं आहे. कळमेश्वर आलं की शेजारचा त्याला हलवून उठवायचा.

त्याने आजवर दुरुस्त्या पाठवल्या नव्हत्या असं नाही. एक परत आली, कारण ओळींच्या शेवटी त्याने रिकाम्या जागा सोडल्या होत्या. दुसरी त्याच्या आधी कोणी तरी पाठवून मोकळं झालं होतं. तिसरीच्या वेळी एका सभ्य जपानी गृहस्थाने कळवलं की आपण जे दुरुस्त करत आहात ते मुळात बिघडलेलंच नाही. धर्मेंद्रने त्याचे मनापासून आभार मानले आणि रात्री जेवला नाही.

अशा परिस्थितीत त्या दिवशी आयनारचा मेल आला. आयनार हा नॉर्वेतला एक काटेकोर माणूस. कर्नलच्या रेडिओच्या कोपऱ्याची देखभाल त्याच्याकडे होती. (भावना, म्हणजे धर्मेंद्रची बायको, त्याला भाऊजी म्हणायची. घरात त्याचं नाव इतक्यांदा निघायचं की काही तरी नातं लावणं भागच होतं.) त्याने सगळ्यांना लिहिलं होतं की संगणकात रेडिओ वाजवणाऱ्या या अमुक जुन्या कार्डासाठीचा मजकूर कर्नलमध्ये उगाच पडून आहे, हे कार्ड आता जगात कोणी वापरत असेलसं वाटत नाही, कोणी वापरत असेल तर बोला, नाहीतर काढून टाकतो.

धर्मेंद्रने मेल दोनदा वाचला. ते कार्ड त्याच्याकडे होतं. नवीन लग्न झालं तेव्हा मानेवाड्याच्या भाड्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून त्याने सीताबर्डीवरून हे कार्ड आणून संगणकात बसवलं होतं. संध्याकाळी दिवा न लावता दोघं बसायचे. भावना मटार सोलायची. आधी नुसती खरखर यायची, मग खरखरीतून हळूहळू एखादं जुनं गाणं वर यायचं, आणि ते पूर्ण वर येईपर्यंत दोघंही हात थांबवून ऐकत राहायचे. तेवढ्या खोलीत तेव्हा त्यांना काही कमी वाटलं नाही. पुढे टीव्ही आला, लेक उन्नती झाली, घर बदललं, आणि तो संगणक माळ्यावर गेला. ते कार्ड काढून टाकणार म्हणजे ती खोलीच कोणी पाडायला निघाल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याने ती ओळ पाठवून दिली.

आयनारचं उत्तर लगेच आलं. फार आनंद झाला, असं त्याने लिहिलं होतं. वापरणारा आहे म्हटल्यावर कार्ड काढणार नाही, फक्त जुना मजकूर नव्या पद्धतीने लिहावा लागेल. तो मीच लिहून पाठवतो, पण माझ्याकडे कार्ड नाही. येत्या रविवारच्या आत खऱ्या कार्डावर तपासून कळवा. तपासणाऱ्याचं नाव अर्थातच खाली लागेल.

धर्मेंद्रने स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढला. माळा स्वच्छ होता. इतका स्वच्छ माळा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

"भावना," तो वरूनच म्हणाला, "इथला कॉम्प्युटर कुठं गेला वं?"

"तुम्ही काहून विचारून राहिले? तुमाले चालत होतं ना."

"मले? मले कोणी विचारलं?"

भावनाने खालून मोबाइल वर धरला. दिवाळीची साफसफाई काढण्याआधी तिने 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर कोणी वापरत असेल तर बोला, नाहीतर काढून टाकते. ही पद्धत तिच्या डोक्यातली नव्हती. धर्मेंद्रनेच चहा पिताना अनेकदा तिला समजावून सांगितलं होतं की जगातले शहाणे लोक असंच करतात. आधी सर्वांना विचारायचं, वाट पाहायची, कोणी बोललं नाही तर खुशाल काढायचं, मागून तक्रार चालत नाही. फक्त तो घरचा ग्रुप त्याने म्यूट केला होता. सकाळच्या फुलांच्या फोटोंमुळे आयनारचे मेल वाचण्यात व्यत्यय यायचा.

"मंग भंगारात दिला काय?" धर्मेंद्र खाली उतरून स्टुलावरच बसला.

"बाबा बोलले ना ग्रुपवर. त्याईनं नेला."

बाबा म्हणजे चंपतराव वंजारी, मुक्काम कुहीजवळचं गाव, धानाची शेती. त्यांचा रेडिओ बिघडला होता. जावयाच्या त्या डब्यात रेडिओ वाजतो हे त्यांनी लग्नाच्या वर्षी पाहून ठेवलं होतं आणि विसरले नव्हते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'मी वापरन', आणि भाऊबीजेला आले तेव्हा डबा घेऊन गेले. म्हणजे धर्मेंद्रने 'मी रोज वापरतो' असं साऱ्या जगाला कळवलं, तेव्हा ते यंत्र कुहीला पोचून स्थिरस्थावरही झालेलं होतं.

शनिवारी धर्मेंद्र आणि भावना कुहीला निघाले. उन्नतीची परीक्षा होती, ती मावशीकडे राहिली. धर्मेंद्रच्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि त्यात आयनारने लिहिलेला नवा मजकूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलं होतं, काही बांध्यांत कापून आडवं पसरलं होतं, आणि बसच्या खिडकीतून त्याचा तो ऊनऊन वास आत येत होता. धर्मेंद्रला वाटलं, आयनारच्या खिडकीबाहेर आता काय असेल? तो कधी इथे आला तर त्याला हाच रस्ता दाखवायचा. भावनाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं. कंपनीच्या बसमध्ये अशी सोय नव्हती.

घरी पोचल्यावर आधी जेवण झालं. चंपतरावांच्या घरी जावयाला कामाचं बोलण्याआधी जेवावं लागतं. पाटोडीचा रस्सा होता, वर बोटभर तर्री. धर्मेंद्रने पहिल्या वाढीनंतर रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला आणि 'पुरे, पुरे, अजिबात नको' म्हणाला. रीतीप्रमाणेच चंपतरावांनी तो हात बाजूला केला आणि पळीभर रस्सा ओतला. हे तीनदा झालं. धर्मेंद्रला पहिल्यापासून तेवढंच हवं होतं आणि चंपतरावांनाही ते ठाऊक होतं.

मग पडवीत गेले. स्टुलावर तो संगणक होता, त्याला झाडून पुसून वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं. मागून एक तार निघून थेट छपराच्या टिनाला बांधली होती. चंपतराव म्हणाले, सकाळी शेतीच्या गोष्टी ऐकतो, संध्याकाळी गाणी, आणि दूध काढताना गाणं बंद केलं तर म्हैस पाय झाडते.

धर्मेंद्रने पेनड्राइव्ह लावला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, आणि तो हात जोडून बसला. संगणक सुरू झाला. रेडिओ मात्र गप्प. धर्मेंद्रने तार पाहिली, खोबण फुंकली, मनातल्या मनात आयनारची क्षमा मागितली. बराच वेळ गेला. गोठ्यातून म्हशीचा पाय आपटल्याचा आवाज आला.

"जावईबुवा," चंपतराव शेवटी म्हणाले, "पयले चालू केला का बोलत होता. आता मुका होऊन बसते. तुम्ही काय केलं त्याले?"

धर्मेंद्रने घाईने आवाजाची पट्टी उघडली. ती तळाशी होती. नव्या मजकुरात रेडिओ सुरू व्हायचा तो आवाज बंद करूनच. त्याने पट्टी वर सरकवली. आधी नुसती खरखर आली. मग खरखरीतून हळूहळू एक जुनं गाणं वर येऊ लागलं. भावना शेंगा निवडत होती, तिचा हात थांबला. संध्याकाळचं ऊन पडवीच्या पायरीवरून मागे सरत होतं आणि कोणी दिवा लावायला उठलं नाही. धर्मेंद्रला वाटलं, आता नाव लागलं नाही तरी चालेल. हे त्याला अगदी खरोखर वाटलं, आणि गाणं संपेपर्यंत टिकलंही.

गाणं संपल्यावर तो मोबाइलवर मेल लिहायला बसला. 'माझ्या कार्डावर मी तपासलं', एवढं लिहून झालं तेव्हा भावना मागून वाचत होती.

"खोटं काहून लिहून राहिले? बाबाईचा आहे तो. ऐकतेत ते. मुका झाला हेही त्याईनंच सांगितलं."

धर्मेंद्रने मागे वळून पाहिलं. चंपतराव डोळे मिटून पुढचं गाणं ऐकत होते. त्याला लाज वाटली आणि त्याने सगळं खोडून खरं लिहिलं: यंत्र सासऱ्यांकडे असतं, तेच रोज वापरतात, सुरुवातीला आवाज बंद राहतो ही तक्रार त्यांची आहे, तेव्हा तपासणारा म्हणून चंपतराव वंजारी हे नाव लावावं.

इथे थांबायचं होतं. पण पोटात तीन पळ्या रस्सा होता आणि सासुरवाडीची हवा डोक्यात होती. त्याने आणखी एक ओळ घातली: 'मी केवळ यंत्र सुरू करून दिलं. माझ्या नावाची काहीच आवश्यकता नाही, कृपया लावू नये.' लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं आलं. आयनार लिहील, छे छे, असं कसं, तुमचं नाव हवंच. आपण पुन्हा नको म्हणू. तो पुन्हा लिहील. तिसऱ्या वेळेला आपण नाइलाजाने हात बाजूला करू. त्याने समाधानाने मेल पाठवला.

बुधवारी रात्री नागपूरला, जेवणाच्या ताटावर असतानाच, मोबाइल वाजला. कार्ड बचावलं होतं. आवाजाची चूक सुधारून दुरुस्ती आत गेली होती. धर्मेंद्रने डाव्या हाताने सरकवत खालचा मजकूर भावनाला मोठ्याने वाचून दाखवला.

"'तपासणारा: चंपतराव वंजारी, कुही. आवाजाचा दोषही यांनीच दाखवून दिला.'" इथपर्यंत त्याचा आवाज खणखणीत होता. पुढचं तो सावकाश वाचू लागला. "'यंत्र सुरू करण्यास त्यांच्या जावयाची मदत झाली. जावयाच्या स्पष्ट विनंतीनुसार त्याचं नाव दिलेलं नाही.'"

बर्फाच्या देशातली ती बाई, समुद्रावरची ती बोट, सगळीकडे आता चंपतराव निजणार होते, आणि त्यांच्या पायाशी एक बिननावाचा जावई.

"यानं एकदाही आग्रह केला नाही," धर्मेंद्र कसाबसा म्हणाला. "एकदा तरी विचारायचं होतं."

"तुम्ही नको म्हटलं, त्याईनं ऐकलं," भावना म्हणाली. "किती चांगली पद्धत आहे भाऊजीची."

ती वरणाची वाटी घेऊन वाढायला पुढे झाली. धर्मेंद्रचं ताट रिकामं होतं आणि पोट अर्धंही भरलं नव्हतं. पण मनातून तो अजून नॉर्वेतच होता. सवयीने त्याचा हात ताटावर आडवा गेला आणि तोंडातून निघालं, "पुरे, नको."

"बरं," भावना म्हणाली, आणि वाटी झाकून आत घेऊन गेली.