पेडल घेऊ की रॅक ठेवू?

मालनकाकूंच्या तेराव्याची पंगत बसली होती. लोक माना खाली घालून जेवत होते. दिगूकाका वरणाची बादली घेऊन माझ्या पानासमोर थांबले आणि म्हणाले, "तू शिकलेला हायस म्हणून विचारतो. पेडल घेऊ की रॅक ठेवू?"

माझ्या शेजारी बसलेल्या सावंत आजींचा घास हातातच राहिला. "बायकोचं तेरावं उरकलं नाय आणि मेल्याला खरेदी सुचतेय!" हे वाक्य त्यांनी पुढे महिनाभर आळीत घरोघर पोचवलं.

दिगूकाका आमचे शेजारी. मधली भिंत एकच. ते रत्नागिरीतल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हळद, पूजा, क्रिकेटचा बक्षीस समारंभ, जिथे मांडव तिथे काका. गिटारचा आवाज कधी फाटल्यासारखा करायचा, कधी गुहेतून आल्यासारखा, त्यासाठी यंत्रं लागतात. पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. जमिनीवर ठेवायची, वाजवता वाजवता पायाने दाबायची. रॅक म्हणजे लोखंडी पेटारा. त्यात तीच यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवलेली, पुढे हाताने फिरवायच्या बटणांची रांग, दोन बाजूंना कड्या. एकट्याला उचलवत नाही. काकांकडे रॅक होता. कुणी मुंबईला जाताना विकला, तेव्हापासूनचा.

यातलं चांगलं काय, यावर काकांनी आयुष्य काढलं. "पेडलमधे मांडवाची लाल माती जाते. रॅकला खारी हवा खाते. सांग आता, मरायचं कुठल्या रोगाने?" असं ते मासळीवालीलाही विचारायचे. ती म्हणायची, "बांगडा घेणार की नाय, ते सांगा."

माणसंही त्यांनी दोन जातींत वाटली होती. लग्नात नवरामुलगा दिसला की माझ्या कानात सांगायचे, "हा पेडल. बायकोनं पाय ठेवला की वाजेल." मला मात्र त्यांनी रॅकमधे घातलं होतं. "तुझी डिग्री स्क्रूने बसवलेली हाय. हलत म्हणून नाय."

"बसवायला कष्ट पडलेत काका," मी म्हणायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील दुसऱ्याच्या कलमांना पाणी घालायचे. कुणी शिकलेला म्हटलं की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मालनकाकू प्रत्येक कार्यक्रमाला काकांबरोबर जायच्या. स्टेजच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या आड, रॅकला लागून त्यांची खुर्ची असायची. मांडीवर डब्याची पिशवी. पुढच्या लोकांना त्यांचा फक्त पदर दिसायचा. नवऱ्याने पिऊ नये म्हणून राखण बसते, असं अख्खी आळी धरून चालली होती. मीही. काका तर चहासुद्धा बिनसाखरेचा पीत, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आषाढात काकूंना ताप भरला. दोन दिवसांनी इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं. ॲम्ब्युलन्स पालीच्या पुढे गेली आणि घाट लागायच्या आतच परत फिरवावी लागली. मी गाडीत होतो. परतीच्या वाटेवर काका एकच बोलले, "चादर नीट कर रे तिची."

तेराव्यालाच ऑर्केस्ट्राचा मालक राजूशेठ येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण गणपती तोंडावर आले होते. "काका, आता पेडल घ्या. तुमच्या रॅकचं यापुढे कोण बघणार? ठरत नसेल तर मला दुसरा माणूस बघायला लागेल." मला वाटलं, पेटारा उचलण्याबद्दल बोलतोय. "एक कडी मी धरीन," मी म्हणालो. राजूशेठने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

काकांनी आळीत एकही माणूस विचारायचा ठेवला नाही. पोस्टमन, भटजी, सावंत आजी. आजींनी शिवी दिली, ती काकांनी पेडलच्या बाजूने धरली. शेवटी पालीचा एक गिटारवाला तयार झाला. त्याला जुनी यंत्रं जमवायचा नाद. रॅक द्या, चार पेडलं घ्या.

तो गाडी घेऊन आला. पेडलं त्याने ओटीवर ओळीने मांडली. काकांनी पायाने एकेक दाबून पाहिलं आणि "बरी हायत," म्हणाले. मग एक कडी मी धरली, एक त्याने, आणि रॅक उंबऱ्याबाहेर काढून उजेडात ठेवला.

तेव्हा मला प्रथमच त्याची पुढची बाजू नीट दिसली. एका बटणाभोवती टिकल्या चिकटवलेल्या होत्या. कपाळाला लावायच्या. लाल, हिरव्या, एक बारीकशी काळी.

"हे काय?" पालीवाला म्हणाला.

"इंग्रजी आकडे तिला लागायचे नाय," काका म्हणाले. "लाल ती नाचाच्या गाण्याची. हिरवी रडक्या गाण्याची. काळी भैरवीला. मी डावीकडे मान हलवली की ती बटण टिकलीवर आणायची. एकदा म्हणून चुकली नाय."

मी ओटीवर बसलो. राजूशेठने माझ्याकडे का पाहिलं, ते आता कळलं.

पालीवाला खाली वाकला. "निघतील. रॉकेल लावलं की साफ." आणि त्याने नखाने लाल टिकली खरवडायला सुरुवात केली.

काकांनी त्याचं मनगट धरलं. "रॅक ठेवतो," म्हणाले. "तुझी पेडलं भर बाबा."

"काका, गणपतीत वाजवणार कसे मग?" मी विचारलं.

"तुझी कडी धर," ते म्हणाले. पालीवाल्याची कडी त्यांनी स्वतः धरली.

गणपतीत ऑर्केस्ट्रात दुसरा गिटारवाला होता. काका समोर खुर्चीत बसून ऐकत होते. जाताना म्हणाले, "पेडलवर हात बरा हाय त्याचा. पाय, म्हणजे."

हल्ली ते कुणाला काही विचारत नाहीत. दिवेलागणीला भिंतीपलीकडे गिटार सुरू होते. मधेच सूर क्षणभर अडतो. त्यांनी डावीकडे मान हलवली, हे मला इथे बसून कळतं. बटण फिरत नाही. काकूंनी शेवटच्या कार्यक्रमात ते हिरव्या टिकलीवर आणलं होतं, तिथेच आहे. नाचाची गाणीसुद्धा आता गुहेतूनच येतात.