मार्जरीबाईंच्या कोरड्या भिंतीची हकीकत

जो भिंतीआडचेही पाहतो, त्यास आधी दंडवत. शके चौदाशे सत्तर, कीलकनाम संवत्सरी, सातासमुद्रापलीकडे टोपीकरांचे मुलुखी एका लहान गावी दगडी देऊळ होते, त्याची हकीकत ऐकिजे. दाराशी बाळांना पावन करून नाव ठेवावयाचे दगडी कुंड, वरती लाकडी आढ्यास पंख पसरलेले देवदूत, मधोमध वेलबुट्टीची लाकडी जाळी आणि तिजपुढे मेणाच्या वाती तेवत. आणि दारासमोरील भिंतीवर दोन पुरुष उंचीचे संत क्रिस्तोफर, बाळ येशूस खांद्यावर घेऊन नदी उतरतात, ऐसे चित्र. त्यांचे मुख ज्याचे नावे सकाळी पाहावे, त्यास त्या दिवशी अवचित मरण नाही, ऐसी गावाची श्रद्धा. देऊळ झाडणाऱ्या विधवा मार्जरीबाईंचा एकुलता लेक दर्यावर. त्याचे नावे मुखदर्शन घेतल्यावाचून पाणी घेणे नाही, हा त्यांचा नेम.

मग दरबारातून हुकूम जाहला की देवळी मूर्तिपूजा नको; चित्रे बुजवावी, जाळी उतरावी, दिवे विझवावे. आणि जाळी निघाली, आणि दिवे गेले, आणि वॉट नावाचे गवंडी चुना घेऊन आले. चुना धरावा तर भिंत आधी भिजवावी लागते; ते काम बाईंकडे आले आणि बाईंनी डोळे पुशीत केले. मग गवंडी शिडी चढले, संतांच्या मुखावर तळहात ठेविला आणि थबकले.

"मावशी, इथं ठणठणीत कोरडं आहे की!"

बाई हळूच बोलिल्या, "हात पोचला तेवढी भिजवली, बाबा."

"आणि ही शिडी?"

"माझे गुडघे का शिडीचे राहिलेत?"

"मग परवा देवळाच्या मनोऱ्यात कबुतरं हाकायला कोण चढलं होतं?"

बाईंनी केरसुणी उचलून भुई झाडावयास घेतली. गवंड्यांसही तान्हेपणी त्याच कुंडावर नाव मिळाले होते. म्हणाले, "बरं. कोरड्यावर चुना टिकत नाही, हे मी कुणाला सांगत नाही," आणि कुंचा फिरवून उतरले.

मग भिंत पांढरी जाहली आणि बाई रोज अंदाजाने नजर लावीत, लेकाचे नाव घेत आणि मग पाणी घेत. ऐसे दोन हिवाळे गेले, लेकाची खबर नाही. तिसरे हिवाळी गारठ्याने चुन्याची पापडी सुटली आणि संतांचा एक डोळा उघडला, बाईंच्या नजरेहून हातभर उजवीकडे.

"अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी कानाशीच बोलत होते," बाई हसोन बोलिल्या. "मग ऐकलं असेल तुम्ही सगळं."

वसंती लेक आला. दारातच उभा राहून जाळी शोधू लागला, दिवे शोधू लागला. बाईंनी त्याची हनुवटी धरून मुख त्या डोळ्याकडे फिरविले आणि मग आपण पाणी घेतले.

गेले ते पुष्कळ, राहिले ते एवढेच. आणि एवढ्या एका डोळ्यावर एक घर तगून राहिले. ऐसे घडले, ऐसे लिहिले.