तात्यांचं तिसरं जहाज

आमच्या कळंबच्या हणमंततात्यांनी लग्नात माइक हातात घेतला, की मांडवातले जाणते लोक गुपचूप उठून पंगतीकडे निघतात. तात्या वधूवरांना आशीर्वाद देतात, दोन्हीकडच्या पाव्हण्यांची नावं न चुकता घेतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आता एकच इषय. देशाला तिसरं इमानाचं जहाज पायजे."

इमानाचं जहाज म्हणजे विमानवाहू युद्धनौका. अशा दोन आपल्याकडे आहेत. तिसरी बांधायची की नाही, बांधायची तर पैसा कुठून काढायचा, याची चर्चा दिल्लीत चालते असं अधूनमधून पेपरात येतं. दिल्लीशिवाय ही चर्चा देशात आणखी एका ठिकाणी चालते. ते ठिकाण म्हणजे माझं दुकान.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी शटर वर गेलं की तात्या पायरीवर हजर. वय सत्तरीपुढचं, अंगात पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर कडक टोपी. घरी ऊस आहे, थोडं डाळिंब आहे, दोन जर्शी गाई आहेत. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नाही. उजनी धरणाचं पाणी पाहिलंय, समुद्र म्हणजे त्याच्यापेक्षा जरा जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. पेपर आला की ते आधी शेवटचं पान बघतात, मग मधली पानं, मग पहिलं. जहाजाची बातमी नसली की पेपर माझ्याकडे सरकवून म्हणतात, "घ्या. आज काय न्हाय ह्यात." त्या दिवशी निवडणुकीचा निकाल असला तरी.

दोन असताना तिसरं कशाला, असं एकदा मी विचारून बसलो. तात्यांनी मला ट्रॅक्टरचं उदाहरण दिलं. दोन ट्रॅक्टर असले तरी ऐन हंगामात एक गॅरेजातच असतो. मग राहिलेल्या एकानं दोन्ही शिवारं कशी ओढायची? आणि आपल्या देशाला तर दोन बाजूंनी दर्या. तेव्हा दोन पाण्यात आणि एक गॅरेजात, असं तीनचं गणित. मी ते मान्य केलं. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही.

या जहाजांमध्येही दोन प्रकार असतात, हे आता आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. एकात पुढचं टोक चढासारखं वर उचललेलं असतं, त्यावरून विमान धावत जाऊन उडी घेतं. दुसऱ्यात यंत्रानं झटका देऊन विमान फेकतात. तात्या पहिल्याला उडीचं म्हणतात, दुसऱ्याला गोफणीचं. स्वतः ते गोफणीच्या बाजूचे. गोफण का चांगली हे पटवून देताना त्यांनी एकदा माझ्या दुकानात सुतळीची गोफण केली आणि सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी भिरकावली. ती रस्ता ओलांडून समोरच्या सलूनच्या आरशाला लागली. आरसा वाचला. सलूनवाला तेव्हापासून उडीच्या बाजूचा आहे.

पैशाची बाजूही त्यांनी सोडली नाही. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' आले, तसे तात्या उभे राहिले आणि प्रत्येक सभासदानं टनामागं एक रुपया जहाजासाठी द्यावा असा ठराव मांडला. अध्यक्ष मुरलेले गृहस्थ होते. विचार थोर आहे, म्हणाले, पण कारखान्याच्या पोटनियमात जहाज बसत नाही. तात्यांनी पोटनियम बदलायची उपसूचना मांडली. मग चहा आला.

एका साली पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला मोठे पुढारी आले होते. लोकांनी त्यांच्याकडे रस्ता मागितला, तात्यांनी जहाज मागितलं. पुढाऱ्यांनी दोन्ही मागण्या लिहून घ्यायला लावल्या. आजपर्यंत दोन्ही गोष्टींत सारखीच प्रगती आहे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. फक्त एका मुद्द्यावर तात्या थट्टा ऐकून घेत नसत. ते म्हणायचे, "एक जहाज पाण्यात गेलं की दुसरं लगोलग चालू पायजे. न्हायतर हात पांगत्यात. गुऱ्हाळ दोन साल बंद ठिवा, मग गुळव्या घावतो का बघा." गूळ करणारा माणूस एकदा दुसरीकडे गेला की परत मिळत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बोलणं खरं होतं, म्हणून मी मान हलवायचो. हात कुणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

तात्या रविवारी दुकानात येत नसत. एका रविवारी सकाळी त्यांनी सांगितलेला फवारणीचा पंप पोचवायला मीच त्यांच्या वस्तीवर गेलो. तात्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावून समोर ठेवला होता. पलीकडून त्यांचा लेक बाळू बोलत होता. त्याच्याकडे पाऊस आहे, असं त्यानं सांगितलं. आपल्याकडे नाही, असं तात्यांनी सांगितलं. मग दोघंही गप्प झाले. गाईनं शेपटी हलवली तेवढंच.

"तिसऱ्याचं काय कळालं का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय अजून, तात्या."

"बरं. ठिव मग."

बाळू मला माहीत होता. आयटीआय करून वेल्डर झाला आणि केरळात जहाजं बांधायच्या गोदीत कामाला लागला. तिथंच त्यानं तिथल्या मुलीशी लग्न केलं. तात्या लग्नाला गेले नाहीत आणि बाळूशी बोलायचेही थांबले. बाळूची आई, आमच्या काकी, होत्या तोवर त्या फोन करायच्या आणि लेकाचं बापाला, बापाचं लेकाला सांगायच्या. मग काकी वारल्या. एवढं गावाला ठाऊक होतं. पुढचं मला त्या दिवशी तात्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पंपाची पट्टी नीट करता करता ते स्वतःच बोलत राहिले.

काकींच्या मागं बाळू दर रविवारी फोन करू लागला. पण दोघांना बोलताच येईना. पाऊस झाला, ऊस झाला, की संपलं. एका रविवारी काहीच सुचेना म्हणून तात्यांनी विचारलं, तू तिथं करतोस तरी काय? बाळू सांगायला लागला. लोखंडाचे पत्रे केवढे असतात, आत शिरलं की माणूस कसा वाट चुकतो, एवढ्या लोखंडावर विमान उतरायचं म्हणजे सांधा कसा लागतो. त्या दिवशी गाईंच्या धारा काढायला उशीर झाला. पुढच्या रविवारी तात्यांनी प्रश्न काढून ठेवले. ते देशाचं दुसरं इमानाचं जहाज बांधून होईपर्यंत बापलेक दर रविवारी बोलत होते. त्याआधी घरात एका छपराखाली राहून बोलले नसतील एवढं.

"मग जहाज झालं," तात्या म्हणाले. "आन् आमचं बोलनं बी झालं."

आता बाळूला दुरुस्तीची किरकोळ कामं होती. त्यातलं सांगण्यासारखं दोन वाक्यांत संपायचं. मी पंप ठेवून घरी आलो.

तिसऱ्या जहाजाचा निर्णय काही झाला नाही. दिवाळीनंतर बाळू बायको आणि लहान मुलीला घेऊन गावी आला. सून पहिल्यांदाच सासरी येत होती. तात्यांनी अंगण सारवून घेतलं, नवी टोपी घातली आणि तिच्याशी काय बोलावं हे न कळून तिला दोन्ही गाई दाखवल्या. नात त्यांच्या टोपीशी खेळत होती, तिची भाषा त्यांना कळत नव्हती, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी बाळूनं सांगितलं की तो आखातात निघालाय. तिकडच्या गोदीत तेलवाहू जहाजांचं काम मिळालं होतं. बायको-मुलगी तूर्त केरळातच राहणार होत्या. तात्या 'बरं' म्हणाले.

ते परत निघाले त्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही सगळे भिगवण स्टेशनला गेलो. रेल्वे यायच्या आधी सून पाया पडली. तात्यांनी गुळाची ढेप तिच्या हातात दिली आणि त्यांना येत होती तेवढी सगळी हिंदी वापरली.

"फिर आना. ये नहीं आया तो भी तुम आना."

तिनं मान हलवली. बाळू सामानाकडे बघत राहिला. गाडी सुटली तरी तात्या फलाटावर उभेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर तात्या पायरीवर. पेपर आला. त्यांनी तो उघडला नाही. तसाच मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सुभाषराव, तेलाचं जहाज कसं असतंय?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

"बघा की तुमच्या फोनात. बाळू रविवारी तिकडनं फोन करनार हाय. तवर आपल्याला चार गोष्टी इचारता आल्या पायजेत."

मी गल्ल्यामागून स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि फोन काढला. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बरा ऐकू येणारा कान माझ्याकडे केला, आणि म्हणाले, "वाचा. सावकाश वाचा."