सरावाची बातमी

आयझिरेक मावशीच्या स्वयंपाकघरात उभी राहून परीक्षेसाठी लिहिलेली बातमी मोठ्याने वाचत होती. बिश्केकच्या विद्यापीठात ती माध्यम-संपर्क शिकत होती. या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला एका वीज कंपनीत प्रवक्त्याच्या हाताखाली नोकरी मिळणार होती आणि आयझिरेकला ती जिवापाड हवी होती. शिकवणाऱ्या गुलबार्चिन एजेंनी, म्हणजे ताईंनी, प्रत्येकाला एक काल्पनिक बातमी लिहायला सांगितली होती. सोमवारी वर्गात लुटुपुटूच्या पत्रकारांपुढे ती मांडायची. त्याआधी फुटली तर थेट नापास.

"विद्यापीठाच्या वसतिगृहात यंदाच्या हिवाळ्यापासून चोवीस तास गरम पाणी!" तिने खणखणीत आवाजात वाचलं. विषय अगदी आतून आलेला होता. ती स्वतः त्याच वसतिगृहात राहायची आणि रविवारी अंघोळीपुरती मावशीकडे यायची.

हा नुसता सराव आहे, हे सांगायला तिने मान वर केली, तर सायकाल मावशी जागेवर नव्हती. कढईत बोर्सोकचे पिठाचे गोळे करपत होते आणि दार सताड उघडं होतं.

आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणतो, त्याच्या हातावर ऐकणाऱ्याला सुयुंचू, म्हणजे काहीतरी भेट, ठेवावीच लागते. त्यापायी मावशी वय, गुडघे आणि कढई, सगळं विसरत असे. जिन्यातून तिची आरोळी ऐकू आली.

"सुयुंचू! सुयुंचू दे, जिपारा! तुझ्या नातीच्या हॉस्टेलात गरम पाणी आलं!"

"मावशी, थांब! ते खोटं आहे!"

"गप गं! आधी रुमाल तर घेऊ दे!"

मावशीला रेशमी रुमाल मिळाला. शेजारच्या जिपाराने तीच बातमी वरच्या मजल्यावर नेऊन मधाची बरणी कमावली. बरणी गेलेल्या बाईने नुकसान भरून काढायला दूर नारिनला राहणाऱ्या दिराला फोन लावला. आयझिरेक दारोदार खुलासा करत फिरली. लोक तिचं कळवळून ऐकत, तिला चहा पाजत आणि पुढे कुणालाच काही सांगत नसत. वाईट बातमी पोचवून हाती काय लागणार?

सोमवारी वर्ग भरायच्या आत वसतिगृहातल्या मुलींचे चार म्हातारे आजोबा रातोरात नारिनहून निघून कुलगुरूंच्या दालनात हजर झाले. एकाच्या हातात मखमली चापान, म्हणजे मानाचा अंगरखा होता, दुसऱ्याच्या हातात पांढरी टोपी. मागोमाग आयझिरेक धापा टाकत पोचली आणि तिच्यामागे एजे.

"आजोबा, एक मिनिट! मला सांगायचंय—"

"पोरी, मोठी माणसं दुआ देताना मध्ये तोंड घालायचं नसतं," म्हाताऱ्याने दटावलं. "लेकरांना ऊब दिलीत, साहेब. तुमच्या घराची चूल कधी विझू नये. ओमिन!"

सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. कुलगुरूंना पाण्याबद्दल ओ की ठो ठाऊक नव्हतं. पण आजवर त्यांच्याकडे लोक फक्त तक्रारी घेऊन आले होते. चापान अंगावर चढलेला, टोपी डोक्यावर, डोळ्यांत पाणी. घेतलेली दुआ परत करायची सोय नसते. म्हातारे जिना उतरेपर्यंत त्यांनी बॉयलरसाठी फोन फिरवला होता.

"एजे, बातमी खरी झाली!" बाहेर आल्यावर आयझिरेक आशेने म्हणाली.

"तेच तर. फुटायला नको होती, फुटली. आवरायला हवी होती, आवरली नाही. आणि आता तर ती काल्पनिकही राहिली नाही." एजेंनी गुणांची वही काढली. "माझाही इलाज नाही गं. नापास."

नोकरी वर्गातल्या एल्दियारला मिळाली. त्याची बातमी वर्गातसुद्धा कुणी नीट ऐकली नव्हती.

बर्फ पडायच्या सुमारास वसतिगृहात खरोखरच गरम पाणी आलं. आयझिरेक नळाखाली उभी राहिली आणि पोटभर रडली. नोकरी हुकल्याचं दुःख इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं झालं. तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या.

"ए बाई, आटप की! बाहेर गारठतोय आम्ही!"

"हे पाणी कुणामुळे आलंय, ठाऊक आहे का तुम्हाला?" ती आतून ओरडली.

"हो, कुलगुरूंमुळे! म्हणून काय सगळं तूच संपवणार?"

आयझिरेकने नळ बंद केला.