आवडाई सुईणीच्या तेलवाटीची हकीकत

श्रीजन्मदात्री माउली साह्य असो. आईच्या पोटी जन्मले ते सर्व सुखी असोत, म्हणजे कोणी बाकी उरलाच नाही. शके सोळाशे पन्नास, कीलक नाम संवत्सरी, माघमासी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव कोणी पुसो नये.

राजधानीत सरकारी बाळंतघर होते आणि तेथे आवडाई मुख्य सुईण होत्या. हजार बाळे झेलली, एकही हातून निसटले नाही, ऐसा लौकिक. राणीसाहेबांनी आज्ञा केली की आता शिकाऊ पोरी तयार कराव्या, आणि आवडाई "करते की, त्यात काय मोठेसे!" बोलल्या, आणि डोंगरपट्टीची सगुणी हाताखाली घेतली. सगुणीच्या गावी सुईण नव्हती, थोरली बहीण त्यापायीच बाळंतपणात गेली, म्हणोन गावाने हिला धाडिली होती. मग बाळंतीण आली, आवडाई म्हणाल्या "नीट बघ हं", आणि कळ जोराची येताच "अगं बये, सर बाजूला!" म्हणोन स्वतःच पुढे बसल्या, आणि पोरीस त्यांची पाठ तेवढी दिसली. ऐसे तीन वेळा जाहले. चौथे बाळंतपण स्वहस्ते न केले तर शिकाऊ पोरीने परत जावे, हा बाळंतघराचा नेम. सगुणी रडू लागली आणि ते राणीसाहेबांच्या कानी गेले.

राणीसाहेबांनी आवडाईंस पाचारिले आणि म्हणाल्या, "बाई, शिकवायला तुम्हांसच शिकले पाहिजे." आवडाई फणकारल्या, "मग हात काय खुंटीला टांगू?" मग आठ दिवस राणीसाहेब स्वतः शिकाऊ जाहल्या, लाकडी बाहुली घेऊन मुद्दाम चुकू लागल्या, आणि आवडाईंनी हात न लावता पुसावे, "काय दिसते? पुढे काय करशील?" पहिल्याच दिवशी आवडाईंनी सात वेळा बाहुली हिसकाविली! तेव्हा राणीसाहेबांनी काठोकाठ तेलाची वाटी त्यांच्या दोन्ही हातांत दिली, आणि बाळ रडेतो ती सोडू नये, जिवावर बेतले तर मात्र खुशाल फेकावी, ऐसे ठरविले.

मग कुंभाराची सून अडली. बाळाचे डोके आले आणि सगुणी थिजली. आवडाई पुढे झुकल्या, तेल मनगटावरून ओघळू लागले, परंतु वाटी सोडिली नाही.

"सगुणे, काय दिसते?"

"गळ्यात नाळेचा वेढा आहे, आई."

"मग?"

"सैल आहे, डोक्यावरून काढते." आणि काढिला, आणि बाळ हातात आले, पण रडेना.

"मग गं, पोरी?"

"पुसते, पाठ चोळते!" आणि तिने चोळिली, आणि बाळाने ऐसा टाहो फोडिला की कुंभार अंगणात नाचू लागला. आवडाई ढसढसा रडल्या, म्हणाल्या, "हजार झेलली, पण इतकी भ्याले नव्हते कधी!" आणि पहिली टाळू भरण्याचा आपला मान सोडून वाटीत उरले तेल सगुणीपुढे केले.

तात्पर्य, सगुणी गावी सुखरूप पोहोचली आणि डोंगरपट्टीस सुईण मिळाली. दहा वर्षांनी तिचे पत्र आले, ते येणेप्रमाणे: "आई, माझ्या हाताखाली दोन पोरी आहेत. मजला हात आवरत नाहीत. वाटी धाडावी."